काबरीची जखम : मुंगसाच्या हल्ल्यानंतर परसातल्या कोंबडीची केलेली शुश्रूषा

घोडबंदर रस्त्यालगतच्या कासारवडवली गावठाणात आमचे बैठे घर आहे. पुढच्या दाराने बाहेर पडले की मेट्रो चारचे खांब आणि उंच इमारती दिसतात. मागच्या दाराने बाहेर पडले की परस, अळूचा वाफा, शेवग्याचे झाड आणि पलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा येऊरच्या अंगाचा डोंगर दिसतो. सासूबाईंनी या परसात आयुष्यभर गावठी कोंबड्या पाळल्या आणि मी शाळेतून निवृत्त झाल्यावर ते काम हळूहळू माझ्याकडे आले. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे सहा कोंबड्या आणि एक कोंबडा होता. त्यांतली काबरी, दुसऱ्या वर्षाची, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, श्रावणातल्या एका दुपारी मुंगसाच्या तोंडी सापडली आणि वाचली. तिच्या शुश्रूषेच्या सात आठवड्यांची नोंद मी वहीत रोज ठेवली आणि हे लेखन त्या वहीवरून केले आहे. या प्रकरणात जी जखम पहिल्या क्षणी डोळ्यांत भरली, तिने काबरीला फारसा दगा दिला नाही. जी पिसांखाली दडून राहिली आणि माझ्या तपासणीतून सुटली, तिने तिला मरणाच्या दारात नेले.

हल्ला दुपारी तीनच्या सुमारास झाला. पाऊस थांबून ऊन पडले होते आणि कोंबड्या अळूच्या वाफ्यात माती उकरत होत्या. कोंबड्याने ओरडून धोक्याची सूचना दिली, तेव्हा सासूबाई मागच्या ओट्यावर तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी हातातले सूप तसेच फेकले आणि मुंगूस कोंबडी सोडून कुंपणाच्या भिंतीखालच्या भोकातून पसार झाले. रानमांजर किंवा उदमांजर बहुधा रात्री येते, घूस पिल्ले पळवते, आणि भटक्या कुत्र्याने कोंबडी धरली तर तो तिला झिंजाडतो, त्यामुळे परसभर पिसे विखुरतात. मुंगूस मात्र दिवसाढवळ्या येते आणि त्याचा रोख मानेवर असतो. आम्ही त्याला प्रत्यक्ष पाहिले नसते, तरी वेळ आणि मानेवरचे दातांचे बारीक ठसे यांवरून तर्क करता आला असता. हल्लेखोर कोण हे कळणे उपयोगाचे असते, कारण त्यावरून जखम कोठे आणि कशी शोधायची हे ठरते. कुत्र्याच्या जबड्यात कोंबडी चेंगरते, तिची हाडे मोडतात. मुंगसाचे सुळे बारीक व टोकदार असल्यामुळे वरून टाचणीएवढे दिसणारे छिद्र आत खोलवर गेलेले असते. हे मला तेव्हा माहीत होते, तरीही मी त्याप्रमाणे वागले नाही.

काबरी आम्हाला पाच मिनिटांनी गटाराकडेच्या अळूच्या पानांखाली सापडली. ती ओरडली नाही, पळाली नाही. मान आखडून, डोळे अर्धे मिटून बसून होती. मी उचलले तेव्हा तिचे पाय बर्फासारखे गार लागले आणि तुरा, जो एरवी लालबुंद असतो, तो फिकट गुलाबी झाला होता. निरोगी कोंबडीच्या शरीराचे तापमान साधारण ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते, म्हणून तिचा पाय हातात धरला तर आपल्याला ऊब लागली पाहिजे. गार पाय आणि फिकट तुरा याचा अर्थ रक्ताभिसरण मंदावले आहे, कोंबडी धक्क्यात आहे. अशा वेळी पुष्कळ कोंबड्या जखमेपेक्षा त्या धक्क्यानेच मरतात. त्यामुळे पहिला तासभर मी जखम धुतली नाही, औषध लावले नाही, खायला घातले नाही. तुऱ्याच्या फाटलेल्या टोकातून रक्त ठिबकत होते, तेवढे स्वच्छ सुती कापडाने पाच मिनिटे सलग दाबून धरून थांबवले. कोंबडीच्या अंगात दर किलो वजनामागे जेमतेम ६० ते ८० मिलिलिटर रक्त असते. म्हणजे काबरीच्या अंगात सगळे मिळून एका लहान पेलाभर. त्यामुळे ठिबकणारे रक्त किरकोळ म्हणून सोडता येत नाही.

पुठ्ठ्याच्या खोक्यात जुना टॉवेल घालून तिला ठेवले, एका बाजूला गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून ठेवली आणि दुसरी बाजू मोकळी सोडली, म्हणजे फार गरम झाले तर तिला सरकता यावे. खोके देवघराशेजारच्या अंधाऱ्या खोलीत ठेवले. तोवर शेजारच्या काकू आल्या होत्या. त्यांचे म्हणणे असे की चोच उघडून दोन चमचे पाणी ओतावे, म्हणजे जीव येईल. त्यांच्या मनात मायाच होती, परंतु मी ते होऊ दिले नाही. कोंबडीच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचे तोंड उघडते. अर्धवट शुद्धीतल्या कोंबडीच्या चोचीत पाणी ओतले तर ते सरळ फुप्फुसात जाण्याची भीती असते आणि मग जखमेतून वाचलेली कोंबडी पाण्याने मरते. सायंकाळी तिने स्वतः मान उचलल्यावर मी बोटाने चोचीच्या कडेला एकेक थेंब लावला, तो तिने गिळला, आणि आठ-दहा थेंबांनंतर ती वाटीतून प्यायली. हे पाणी साधे नव्हते. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, अशी घरोघरी जुलाबावर देतात तीच जलसंजीवनी होती.

त्याच वेळी सासूबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "मुंगसाचं दात लागलेली कोंबरी वाचत नाय. तिला तरास नको देव." त्यांचे म्हणणे मी उडवून लावले नाही. ज्यांनी आयुष्यभर कोंबड्या पाळल्या आणि कापल्या, त्यांना कोंबडीच्या वेदनेची पारख माझ्यापेक्षा अधिक आहे. आम्ही दोघींनी बसून ठरवले की पुढील चारपैकी एकही गोष्ट दिसली तर तिला विनाकारण जगवत ठेवायचे नाही : पाय बोट पकडत नसतील, म्हणजे पाठीचा कणा गेला असेल; पोट फाटून आतडे बाहेर आले असेल; ती चोच उघडी टाकून धापा टाकत असेल आणि तासाभराच्या विश्रांतीनंतरही ते थांबत नसेल; किंवा मान स्वतः सावरता येत नसेल. मी तिच्या पावलात माझे बोट दिले आणि तिने ते घट्ट पकडले. तिच्या नख्यांची ती पकड मला आजही आठवते. पोट शाबूत होते, श्वास जलद असला तरी चोच मिटलेली होती. मान तिरकी होती खरी, आणि काकूंना ती मानमोडी वाटली. पण मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा विषाणूचा रोग आहे, तो एका दुपारीत उद्भवत नाही, आणि आमच्या कोंबड्यांना त्या रोगावरची लासोटा ही लस दिलेली होती. ही मान दुखापतीने आखडली होती.

सायंकाळी सहा वाजता तिचे पाय कोमट लागले, तेव्हा खरी तपासणी केली. वजन १४१० ग्रॅम भरले. कोंबडीला धरताना एक गोष्ट सांभाळावी लागते : तिला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचे हाड पुढेमागे हलले तरच तिचा श्वास चालतो, म्हणून छातीभोवती हात आवळले तर ती गुदमरते. मी तिला टॉवेलमध्ये सैल गुंडाळून मांडीवर घेतले आणि भाचीने बॅटरी धरली. पाठीवर, दोन पंखांच्या मधोमध, सुमारे ६ सेंटीमीटर लांब आणि ४ सेंटीमीटर रुंद कातडी फाटून बाजूला लोंबत होती आणि खालचा तांबडा स्नायू उघडा पडला होता. दिसायला ती भयंकरच जखम होती. मानेच्या डाव्या बाजूस दातांची दोन छिद्रे होती आणि त्यांच्याभोवती बोट फिरवल्यावर कातडीखाली करकर लागत होते, जसे कोरड्या साबुदाण्यावरून बोट फिरवावे तसे. ती कातडीखाली शिरलेली हवा. पक्ष्यांच्या अंगात फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पातळ पिशव्या मानेपासून पोटापर्यंत पसरलेल्या असतात आणि त्यांतल्या एखादीला दात लागला की हवा अशी बाहेर झिरपते. फुगवटा लहान असेल आणि वाढत नसेल तर तो बहुतेक वेळा आपोआप जिरतो; वाढत असेल तर डॉक्टरकडे धाव घ्यावी लागते. काबरीचा वाढला नाही.

या पिशव्यांमुळेच खोल छिद्रात पिचकारीने जोरात पाणी मारायचे नसते, कारण ते पाणी श्वासाच्या मार्गात जाऊ शकते. एक लिटर उकळलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ घालून गार केलेले पाणी पाठीच्या उघड्या जखमेवरून मी वाटीने अलगद वाहू दिले, आणि मानेची छिद्रे केवळ कापसाच्या बोळ्याने टिपली. जखमेभोवतीची पिसे उपटली नाहीत, कात्रीने कापली. कोंबडीची कातडी ओल्या कागदासारखी पातळ असते. पीस ओढले तर त्याच्याबरोबर तीही फाटते. नंतर पोव्हिडोन आयोडीन पाण्यात कोऱ्या चहाच्या रंगाइतके पातळ करून लावले. सासूबाईंनी हळद आणि खोबरेल तेल आणले होते. मी त्यांना विनंती केली की या वेळी ते नको. तेलाने आजूबाजूची पिसे चिकटून मातीचा गोळा होतो आणि हळदीच्या पिवळ्या लेपाखाली जखमेचा खरा रंग दिसत नाही. रोज जखम पाहता आली पाहिजे, ही माझी मुख्य अट होती. त्यांनी मान्य केले. हायड्रोजन पेरॉक्साइडही घरात होते, ते फेसाळते म्हणून स्वच्छ करते असे वाटते, पण ते नव्याने भरून येणाऱ्या पेशींनाही जाळते, म्हणून ते वापरले नाही.

मग मी दोन्ही पंख उघडून पाहिले. निदान मला तसे वाटले. प्रत्यक्षात मी पंखांची वरची बाजू पाहिली, हाड मोडले आहे का हे चाचपले, आणि ते शाबूत आहे म्हणून समाधान मानले. पंखाच्या काखेत, जेथे पिसे विरळ आणि कातडी अगदी नाजूक असते, तेथे बोट घातले नाही.

आणखी एक काळजी माणसांची होती. मुंगूस हा सस्तन प्राणी आहे आणि त्याला रेबीज असू शकतो. कोंबडीपासून तो रोग पसरत नाही, तो सस्तन प्राण्यांचा आहे; परंतु नुकत्याच चावलेल्या कोंबडीच्या पिसांवर मुंगसाची ओली लाळ असते आणि सासूबाईंच्या अंगठ्यावर विळीने कापल्याची ताजी जखम होती. त्यांचा हात वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुतला आणि त्याच संध्याकाळी आरोग्य केंद्रात नेऊन लशीचा निर्णय तेथील डॉक्टरांवर सोपवला. त्यांनी लस सुरू केली. कोंबडीच्या गडबडीत ही गोष्ट विसरली जाते, म्हणून मुद्दाम लिहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉक्टर शोधू लागले. ठाण्यात कुत्र्या-मांजरांचे दवाखाने पुष्कळ आहेत; पहिल्या दोन ठिकाणी कोंबडी पाहत नाही असे सांगितले आणि एका ठिकाणी, एवढ्या खर्चात दुसरी कोंबडी येईल, असेही ऐकवले. मला ते लागले. काबरी घरात अंड्यातून निघालेली होती आणि गेल्या वर्षी तिने नऊ पिल्ले वाढवली होती. अखेर एका शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांनी तिला तपासले. त्यांचा पहिला प्रश्न जखमेविषयी नव्हता. बाकीच्या कोंबड्या मरताहेत का, सुस्त आहेत का, हे त्यांनी आधी विचारले. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे बर्ड फ्लू आढळला होता, तेव्हा हा प्रश्न यथायोग्यच होता. त्यानंतर त्यांनी पाठ व मान पाहिली, पंख तपासले का असे विचारले, आणि मी हो म्हणाले. पाठीची जखम त्यांनी शिवली नाही. चावा दूषित असतो, शिवून बंद केला तर घाण आत कोंडते, आणि पक्ष्यांची कातडी खालून भरत येऊन आपोआप आखडते, असे त्यांनी समजावून सांगितले. लोंबणारी काळवंडलेली कातडी तेवढी कापून टाकली. वेदनेसाठी आणि जंतुसंसर्गासाठी दोन औषधे दिली. त्यांचे प्रमाण मी येथे लिहीत नाही, कारण ते वजनावर आणि कोंबडीच्या अवस्थेवर ठरते. घरातल्या माणसांच्या वेदनाशामक गोळीचा तुकडा कोंबडीला देणारे लोक मला ठाऊक आहेत, त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने भारतातली गिधाडे जवळजवळ नामशेष केली आणि त्यामुळे २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. पक्ष्याचे मूत्रपिंड हे आपले मूत्रपिंड नव्हे. डॉक्टरांनी निघताना हेही बजावले की औषधे चालू असेपर्यंत आणि त्यानंतर त्यांनी सांगितलेल्या दिवसापर्यंत हिचे अंडे किंवा मांस कोणी खायचे नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी काबरीने जवळजवळ काही खाल्ले नाही. विष्ठा गडद हिरवी आणि पातळ पडत होती. ती हिरवी असते कारण पोटात अन्न नसून केवळ पित्त बाहेर पडत असते. याला जुलाब समजून औषध देऊ नये, खायला घालण्याचा प्रयत्न करावा. ज्वारी तिने चोचीने बाजूला सारली. भिजवलेली तांदळाची कणी दोन-चार दाणे घेतली. उकडलेल्या अंड्याचा बलक चुरून दिला तो थोडा खाल्ला. शेवटी सासूबाईंनी मीठ न लावलेला सुका जवळा कोमट पाण्यात भिजवून वाटीत ठेवला, आणि काबरी प्रथमच आपण होऊन उभी राहिली. पुढील तीन आठवडे जवळा हे तिचे मुख्य औषध होते असे मी म्हणेन. पीस हे जवळजवळ सगळेच्या सगळे प्रथिनाचे असते, आणि नवी कातडी व नवी पिसे एकदम घडवायची असताना नुसत्या तांदळावर कोंबडी ते करू शकत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मानेभोवतीची आणि पाठीची कातडी हिरवी पडलेली पाहून घरात सगळे घाबरले. मांस सडले, असेच सर्वांना वाटले. मी डॉक्टरांना फोन केला, तेव्हा त्यांनी वास येतो का, ती जागा गार आणि ओली आहे का, एवढेच विचारले. पाठीला वास नव्हता, कातडी कोरडी व उबदार होती. तो मुका मार होता. माणसाच्या अंगावरचा मार काळानिळा होऊन मग पिवळा पडतो. पक्ष्याच्या शरीरात साकळलेले रक्त मोडून बिलिव्हर्डिन नावाचे हिरवे द्रव्य तयार होते आणि ते पुढे पिवळ्या द्रव्यात बदलत नाही, म्हणून पक्ष्याचा मार हिरवाच दिसतो. चार-पाच दिवसांत तो रंग ओसरला. या हिरव्या रंगाला सडका समजून किती कोंबड्या विनाकारण कापल्या गेल्या असतील, या विचाराने मला वाईट वाटते.

पण त्याच दिवशी संध्याकाळी खोक्याचे झाकण उघडताच वास आला. गोडसर, कुजकट वास. पाठीची जखम स्वच्छ होती, मानेची छिद्रे सुकत होती. काबरी मात्र सकाळपेक्षा मलूल होती आणि डावा पंख किंचित खाली सोडून बसली होती. मी पंख उचलला, काखेत बोट घातले, आणि बोटाला ओलसर, वळवळणारे काहीतरी लागले. काखेच्या मागच्या बाजूस, फासळ्यांवर, दाताचे एक छिद्र होते. मूळचे बहुधा दोन मिलिमीटरचे असेल, आता ते चवलीएवढे, म्हणजे जुन्या दोन आण्यांच्या नाण्याएवढे, झाले होते आणि आत अळ्या गच्च भरल्या होत्या. पावसाळ्यातली माशी उघड्या जखमेवर अंडी घालते आणि एका दिवसाच्या आत त्यांतून अळ्या बाहेर पडतात. काही माश्यांच्या अळ्या केवळ मेलेले मांस खातात, काहींच्या जिवंत मांस पोखरत जातात. घरी बसून हा फरक करता येत नाही, त्यामुळे सगळ्याच काढाव्या लागतात. मला डॉक्टरांनी थेट प्रश्न विचारला असताना मी न पाहता हो म्हटले होते, ही गोष्ट त्या क्षणी मनाला फार बोचली.

अशा वेळी गुराच्या जखमेत टर्पेंटाइन किंवा रॉकेल ओतण्याची जुनी रीत आहे आणि गोठ्यात ती मी लहानपणी पाहिली आहे. कोंबडीला ती घातक ठरते. अंग लहान, कातडी पातळ, आणि त्या वाफा तिच्या श्वासात जातात. आम्ही कोमट मीठपाण्यात भिजवलेला कापूस छिद्रावर धरला, म्हणजे अळ्या हवेसाठी वर येतात, आणि चिमट्याने एकेक उचलून साबणाच्या पाण्यात टाकल्या. भाची बॅटरी धरून होती आणि मोजत होती. पहिल्या बैठकीत ६३ निघाल्या. वीस मिनिटांनंतर काबरीचा श्वास वाढला म्हणून थांबलो, तिला अंधारात तासभर विश्रांती दिली आणि पुन्हा बसलो. रात्री अकरापर्यंत तीन बैठका झाल्या. सासूबाई, ज्यांनी पहिल्या दिवशी तिला त्रास देऊ नको म्हटले होते, त्या शेवटच्या बैठकीत तिचे डोके आपल्या तळहातात धरून बसल्या होत्या. डोळ्यांवर हात ठेवला की कोंबडी शांत राहते, हे त्यांनीच मला दाखवले. सकाळी तिला पुन्हा दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी आतले सुटे पडलेले मांस काढले, जखम फासळीच्या आत गेलेली नाही याची खात्री केली आणि औषध बदलले. त्या दिवशी वजन १२२० ग्रॅम होते. हा या प्रकरणातला सर्वांत खालचा आकडा.

त्यानंतर खोक्यावर मच्छरदाणीचे कापड घट्ट बांधले, अंथरूण दिवसातून दोनदा बदलले, आणि रोज संध्याकाळी सबंध कोंबडी बोटांनी तपासली : मान, पाठ, दोन्ही काखा, मांड्यांची आतली बाजू, शेपटीखालचा भाग. पिसांवरून नजर फिरवण्याला मी तपासणी म्हणणे सोडले. पिसे बाजूला करायला बोटेच लागतात. ओलावा, गाठ, करकर आणि ऊब आधी बोटांना कळते.

नवव्या दिवशी काखेच्या जखमेशेजारी सुपारीएवढी टणक गाठ लागली. माणसाच्या गळवातला पू पातळ असतो, तो वाहून जातो. पक्ष्याचा पू घट्ट, खव्यासारखा होतो आणि आपोआप बाहेर येत नाही. शेक देऊन किंवा दाबून उपयोग नसतो. डॉक्टरांनी जागा बधिर करून लहान छेद दिला आणि पिवळट खडा अख्खा बाहेर काढला. तिसरी फेरी म्हणून मला रिक्षाचे भाडे जड वाटले होते, पण ही गाठ आत राहिली असती तर पुढचे काही घडले नसते.

त्यानंतर सुधारणा सरळ होत गेली आणि वहीतल्या नोंदी छोट्या झाल्या. बाराव्या दिवशी १३०० ग्रॅम, विष्ठा तपकिरी आणि तिच्यावर पांढरी टोपी, म्हणजे पचन रुळावर आले. चौदाव्या दिवसापासून तिला दुपारी परसात आणून डालग्याखाली ठेवू लागलो. यामागे विचार होता. कोंबड्यांच्या कळपात मानपान ठरलेला असतो आणि फार दिवस नजरेआड राहिलेली कोंबडी परत आली की तिला परकी समजून टोचतात; शिवाय तांबडी जखम दिसली की त्या तिच्यावरच चोच मारतात आणि रक्त निघाले की थांबत नाहीत. डालग्याच्या पात्यांमधून एकमेकींना पाहता यावे, पण चोच पोहोचू नये, अशी ती सोय होती. तेविसाव्या दिवशी, पाठीची खपली पूर्ण कोरडी झाल्यावर, रात्री सगळ्या झोपेत असताना तिला खुराड्यातल्या दांडीवर नेऊन बसवले. सकाळी तांबडी नावाच्या कोंबडीने तिला दोनदा टोचले, काबरी बाजूला झाली, आणि तंटा तेवढ्यावर मिटला. पूर्वी ती तांबडीच्या वरची होती, आता खालची झाली. कळपाने घेतलेला तो निर्णय आम्ही बदलायला गेलो नाही.

मुंगसाला मारायचे किंवा पकडायचे नाही, हे आमच्या घरात आधीपासून ठरलेले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, आणि डोंगराच्या कडेला आपण राहायला आलो आहोत, ते आधीपासून होते. भिंतीखालचे भोक सिमेंटने बुजवले, खुराड्याला लागून एक छोटा जाळीचा आवार केला आणि त्यासाठी कोंबडीजाळी न घेता अर्धा इंची वेल्डेड जाळी घेतली. षट्कोनी कोंबडीजाळी कोंबडी आत ठेवते, पण शिकाऱ्याला बाहेर ठेवत नाही, तिच्या तारा वाकतात आणि फाकतात. जाळी जमिनीखाली वीतभर पुरली, कारण मुंगूस उकरते. आता घरात कोणी नसेल तेव्हा कोंबड्या त्या आवारात असतात.

सत्ताविसाव्या दिवशी पाठीची खपली गळून खाली गुलाबी, नितळ कातडी दिसली. शेहेचाळिसाव्या दिवशी काबरीने पुन्हा अंडे घातले, नेहमीपेक्षा लहान, आणि डॉक्टरांनी सांगितलेली मुदत तोवर उलटून गेली होती, तरी सासूबाईंनी ते चुलीपाशी तसेच ठेवून दिले होते. मुंगसाने उपटलेल्या जागी नवी पिसे केव्हाच फुटली. मी कात्रीने कापलेल्या जागी मात्र अजून खुंटच आहेत, कारण कापलेल्या पिसाचे मूळ आतच राहते आणि कोंबडी पुढच्या वेळी पिसे गाळेपर्यंत ते तिथून हलत नाही. पाठीवर हात फिरवला की ते खुंट तळहाताला टोचतात, आणि मग मी तिचा डावा पंख उचलून काखेत बोट घालून पाहते.